लाईन जाड झाली, हेलपाटे तेवढेच

मुख्य कार्यालयात प्रोग्रॅम उघडला की स्क्रीन पापणी लवायच्या आत समोर येते. दोन हजार किलोमीटर लांबच्या शाखेत तोच प्रोग्रॅम, तोच डेटाबेस, तेच लॉगिन. पण तिथे एंटर दाबलं की माणूस गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसतो. तक्रारी येतात, बैठक होते आणि बैठकीत बहुतेक वेळा एकच गोष्ट ठरते: लाईनचा स्पीड वाढवून घ्या. २० एमबीपीएसची लाईन १०० ची होते, बिल वाढतं आणि चक्र पूर्वीइतकंच फिरत राहतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हे का होतं ते कळायला नेटवर्किंगचा कोर्स करावा लागत नाही. एक गुणाकार करावा लागतो. तो त्या बैठकीत कुणी करत नाही, एवढंच.

'स्पीड' या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो. पहिली बँडविड्थ: सेकंदाला किती माल वाहून नेता येतो. दुसरी लेटन्सी: रिकाम्या हाताने जाऊन परत यायला किती वेळ लागतो. लाईन देणारी कंपनी विकते ती पहिली. दुसरी मुख्यतः अंतरावर ठरते, आणि अंतर कुणाच्याही पॅकेजमध्ये बदलून मिळत नाही.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे निर्वातातल्या वेगाच्या सुमारे दोन तृतीयांश. हजार किलोमीटर जायला ५ मिलिसेकंद, जाऊन यायला १०. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेत राउटर असतात, फायरवॉल असते, व्हीपीएन (इंटरनेटमधूनच काढलेली खासगी वाट) असतो, आणि दोन हजार किलोमीटरवरच्या शाखेला एका फेरीसाठी, म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर यायला, ४० ते ८० मिलिसेकंद सहज लागतात. भूस्थिर उपग्रहाची जोडणी असेल तर विचारूच नका. तो उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जातो, खाली येतो, उत्तर पुन्हा वर जातं आणि खाली येतं. एवढ्यातच जवळजवळ अर्धा सेकंद संपतो.

आता गुणाकार. समजा एक ऑर्डर उघडायची आहे. तिच्यात ६० ओळी आहेत. प्रोग्रॅम आधी ऑर्डरचा मथळा आणि ओळी मागवतो, मग प्रत्येक ओळीसाठी मालाचं नाव, कराचा दर आणि शिल्लक साठा अशा तीन क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, करतो. वर इकडच्यातिकडच्या अठराएक. सगळ्या मिळून झाल्या २०० फेऱ्या. ऑफिसातल्या नेटवर्कवर एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची, म्हणजे एकूण एक दशांश सेकंद. कुणाला जाणवतही नाही. शाखेतून एक फेरी ८० मिलिसेकंदांची, म्हणजे १६ सेकंद.

आणि या २०० फेऱ्यांतून आलेला माल किती? फार तर २०० केबी. तो वाहायला २० एमबीपीएसच्या लाईनला ०.०८ सेकंद लागतात, १०० एमबीपीएसला ०.०१६. म्हणजे पाचपट जाड लाईन घेऊन आपण १६ सेकंदांतले सहा शतांश सेकंद वाचवले. उरलेला सगळा वेळ गेला हेलपाट्यांत.

हेलपाटे येतात कुठून?

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला लगेच दोष देऊ नये. त्याचा डेटाबेस त्याच्याच मशीनवर किंवा शेजारच्या खोलीत असतो. तिथे २०० क्वेरी आणि २ क्वेरी यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. त्यातून आजकाल डेटाबेसशी बोलायचं काम हायबरनेट किंवा जँगोसारख्या साधनांवर सोपवलेलं असतं. कोडमध्ये 'या ओळीचा माल, त्या मालाचं नाव' असं साधं व्हेरिएबल वाचल्यासारखं लिहिलेलं दिसतं, आणि पडद्यामागे तेवढ्यासाठी एक क्वेरी जाऊन येते. लूपमध्ये ६० वेळा लिहिलं की ६० वेळा. या रोगाला 'एन प्लस वन' म्हणतात: यादी आणायला एक क्वेरी आणि यादीतल्या प्रत्येकासाठी आणखी एक.

उपाय जुनाच आहे, जॉइन. हवी ती टेबलं सर्व्हरवरच जोडून सगळं एकदम मागवा. जॉइन अवघड होत असेल तर साठही मालांचे कोड एका यादीत घालून एकाच क्वेरीत विचारा. वर उल्लेखलेल्या साधनांमध्ये संबंधित माहिती आधीच उचलून आणायची सोय असते. ती वापरायची आठवण ठेवावी लागते, आपोआप होत नाही. आपल्या उदाहरणात २०० फेऱ्यांच्या जागी ४-५ राहतात, आणि १६ सेकंदांचे अर्ध्या सेकंदाच्या आत येतात. लाईन तीच, २० ची.

एक चोरजागा मात्र अशी आहे की क्वेरी एकच असते आणि फेऱ्या शेकडो होतात. ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यामधला दुभाषा, निकाल एका दमात आणत नाही, हप्त्याहप्त्याने आणतो. ओरॅकल डेटाबेसच्या जेडीबीसी (म्हणजे जावा प्रोग्रॅमांसाठीच्या) ड्रायव्हरचा हप्ता मुळात १० ओळींचा असतो. ५००० ओळींचा रिपोर्ट मागितला की ५०० फेऱ्या, ८० मिलिसेकंदांनी ४० सेकंद. हा आकडा ५०० केला की १० फेऱ्या, सेकंदाच्या आत. सेटिंगची एक ओळ बदलायची असते, आणि ती कित्येक वर्षं कुणी बदललेली नसते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरची तऱ्हा नेमकी उलटी: काही सांगितलं नाही तर तो सगळा निकाल एकदम आणून मेमरीत ओततो. अंतराच्या दृष्टीने ते बरं, पण कुणी चुकून वीस लाख ओळी मागितल्या तर प्रोग्रॅम गुदमरतो. आपला ड्रायव्हर कोणत्या जातीचा आहे हे एकदा पाहून ठेवावं.

लिहितानाही हेच. हजार ओळी एकेक करून घातल्या तर ८० सेकंद. त्याच ओळी बॅच करून, किंवा एका इन्सर्टमध्ये (ओळी घालण्याच्या हुकमात) शेकड्याने घालून पाठवल्या तर एक-दोन सेकंदांत काम होतं.

कुलूप लावून प्रवासाला जाणं

लांबच्या शाखेचा संथपणा फक्त त्या शाखेपुरता राहतो असं समजू नका. हा भाग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

पुढचा बिल नंबर देण्यासाठी अनेक प्रोग्रॅममध्ये एक छोटं टेबल असतं, त्यात एकच ओळ. बिल करताना ट्रान्झॅक्शन (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही असं एकसंध काम) सुरू होतं, त्या ओळीतला आकडा एकाने वाढवला जातो, मग बिलाचा मथळा, ओळी, साठा, खातं अशी चार वाक्यं (डेटाबेसला दिलेले हुकूम) जातात आणि शेवटी कमिट, म्हणजे 'आता हे पक्कं कर'. आकडा वाढवला त्या क्षणी त्या ओळीला कुलूप लागतं, आणि ते उघडतं कमिट पोचल्यावर. मुख्य कार्यालयात हे कुलूप दोन-तीन मिलिसेकंद राहतं. शाखेतून तेच काम पाच फेऱ्यांचं, म्हणजे ४०० मिलिसेकंद. तेवढा वेळ बाकी सगळे त्या ओळीसाठी रांगेत. शाखेतून एकामागून एक बिलं निघू लागली की सेकंदाला अडीच बिलांच्या वर काही जात नाही, आणि सर्व्हरच्या शेजारी बसलेला माणूसही त्याच रांगेत उभा असतो. सर्व्हरचा प्रोसेसर मात्र निवांत. मग 'सर्व्हर तर रिकामा दिसतोय, मग सगळं का अडकलंय?' या प्रश्नावर दिवस जातो.

यावर दोन उपाय. नंबर सगळ्यात शेवटी, कमिटच्या अगदी आधी घ्यायचा, म्हणजे कुलूप एका फेरीपुरतं राहतं. किंवा अख्खं काम एका स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, घालायचं: शाखेतून बिलाची सगळी माहिती एकदाच पाठवायची, पुढची सगळी वाक्यं सर्व्हरच्या आतल्या आत चालतात आणि उत्तर एकदाच येतं. स्टोअर्ड प्रोसिजर म्हटलं की बरेच डेव्हलपर नाक मुरडतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. व्यवहाराचे नियम डेटाबेसमध्ये गाडले की त्यांची चाचणी घेणं आणि बदलांचा माग ठेवणं त्रासाचं होतं. पण सगळी प्रणाली तशी करा असं कुणी म्हणत नाहीये. ज्या चार-पाच कामांत कुलपं लागतात आणि जी दूरवरून दिवसभर चालतात, तेवढी तशी केली तरी पुष्कळ झालं.

सर्व्हरच नसेल तर

आतापर्यंत गृहीत धरलं की पलीकडे खरा डेटाबेस सर्व्हर आहे. तो क्वेरी घेतो आणि फक्त उत्तर परत पाठवतो. पण डीबेस, फॉक्सप्रो, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस यांवर उभारलेल्या प्रोग्रॅमांत तो नसतो. पलीकडे असते एक शेअर केलेली फाइल, आणि ती वाचणारं इंजिन चालतं वापरणाऱ्याच्या स्वतःच्या पीसीवर. क्वेरी नेटवर्कवरून जातच नाही. जाते ती मागणी अशी: या फाइलचं अमुक पान द्या. ॲक्सेसमध्ये हे पान ४ केबीचं. इंडेक्स (टेबलाची अनुक्रमणिका) शोधायचा तर आधी मुळाचं पान, ते आलं की कळतं पुढचं कोणतं, ते आलं की त्याच्या पुढचं. आधीचं हातात येईपर्यंत पुढचं मागताच येत नाही, म्हणून फेऱ्या एकापुढे एक लागत जातात. इंडेक्स नसेल तर अख्खं टेबल ओळीने वाहत येतं, आणि त्यातली एक ओळ ठेवून बाकीची टाकून दिली जाते.

संथपणा इथे दुय्यम आहे. खरा धोका फाइल बिघडण्याचा. लिहिता लिहिता मध्येच जोडणी तुटली तर पाच पानांपैकी तीन लिहिली गेली आणि दोन राहिली अशी स्थिती होते. खरा सर्व्हर अशा वेळी अर्धवट ट्रान्झॅक्शन मागे फिरवतो. इथे मागे फिरवायला पलीकडे कुणीच नसतं. त्यामुळे व्हीपीएनवरून ॲक्सेसची फाइल उघडून काम करणं हे मी तरी कुणालाही सुचवणार नाही, लाईन कितीही चांगली असो.

टेबलं सर्व्हरवर हलवली, एसक्यूएल सर्व्हर किंवा पोस्टग्रेसवर, आणि फॉर्म ॲक्सेसचेच ठेवले की फाइल बिघडायची भीती जाते. वेग आपोआप येत नाही. जुना फॉर्म उघडताना अख्खं टेबल मागत असेल तर तो नव्या सर्व्हरकडेही तेच मागतो. फॉर्म उघडताच काही न दाखवता आधी ग्राहक क्रमांक विचारा आणि तेवढीच ओळ आणा, असे बदल करावे लागतात. हे न करता 'सर्व्हरवर नेलं तरी हळूच' असं म्हणणारे बरेच भेटतात.

प्रोग्रॅमला हात लावता येत नाही तेव्हा

कोड आपला नसतो. विक्रेता दाद देत नाही, किंवा ज्याने लिहिला तो केव्हाच सोडून गेला. मग सरळ दुसरी वाट: प्रोग्रॅमच डेटाच्या शेजारी नेऊन ठेवायचा आणि लांबवर फक्त त्याची स्क्रीन पाठवायची. १९९८ साली विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली तेव्हापासून मायक्रोसॉफ्टचं हे रिमोट डेस्कटॉप आहे, आणि सिट्रिक्स कंपनीचं त्याच्याही आधीपासून. त्या २०० फेऱ्या तशाच होतात, पण सर्व्हर रूममधल्या सर्व्हर रूममध्ये, अर्ध्या मिलिसेकंदाच्या. लांबच्या रस्त्यावरून जातात फक्त कळा आणि माउसच्या हालचाली, आणि येतात स्क्रीनवरचे बदल.

जुन्या प्रोग्रॅमसाठी मी सगळ्यात आधी हेच करून बघेन. यात काही 'जुगाड' नाही. त्याच्या मर्यादा मात्र माहीत असाव्यात. टाइप केलेलं प्रत्येक अक्षर जाऊन यायला एक फेरी लागते. फेरी १०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर हात अडत नाही, २०० च्या वर गेली की अक्षरं बोटांच्या मागून येऊ लागतात, आणि भूस्थिर उपग्रहावरून तर चिडचिड होते. छपाई आणि स्कॅनिंग यांचा वेगळा ताप असतो, कारण प्रिंटर शाखेत आणि प्रोग्रॅम सर्व्हरवर. आणि रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ नंबरचं पोर्ट थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नये. पासवर्ड फोडू पाहणारे ते सतत धुंडाळत असतात. व्हीपीएन किंवा गेटवे मध्ये हवाच.

वेब ॲप्लिकेशनचं तत्त्वही हेच: ॲप सर्व्हर डेटाबेसजवळ, ब्राउझर लांब. पण एकच पान भरायला ब्राउझर साठ वेळा सर्व्हरला हाका मारत असेल तर तोच रोग नवे कपडे घालून आला म्हणायचं. आणि कुणी ॲप सर्व्हर क्लाउडवर नेऊन डेटाबेस जुन्या जागीच ठेवला, तर आता सगळ्याच शाखा एकसारख्या संथ होतात. निदान समता तरी येते.

टीसीपीची सावध चाल

जोडणी उघडण्याचाही खर्च असतो. टीसीपी म्हणजे पोच घेत घेत माल पाठवायची नेटवर्कची पद्धत. तिच्या नमस्कार-चमत्काराला एक फेरी. मग टीएलएस, म्हणजे एनक्रिप्शनची बोलणी: १.२ आवृत्तीत आणखी दोन, २०१८ च्या १.३ मध्ये एक. त्यानंतर डेटाबेसचं लॉगिन, त्याच्या दोन-तीन. पहिली क्वेरी निघायच्या आधीच अर्धा सेकंद खर्ची पडू शकतो. प्रत्येक क्लिकला नवी जोडणी उघडून बंद करणारा प्रोग्रॅम हा दंड दर वेळी भरतो. म्हणून जोडण्या उघड्या ठेवून पुन्हा पुन्हा वापराव्यात. यालाच कनेक्शन पूल म्हणतात.

जोडणी झाल्यावरही टीसीपी एकदम भरधाव सुटत नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिच्यापासून जेमतेम चारशे यार्डांवरचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग ३२ हजार बिट प्रति सेकंदावरून ४० बिटांवर कोसळला होता. सगळे एकदम पाठवत होते आणि कुणाचंच पोचत नव्हतं. त्यातून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेले उपाय आजही टीसीपीचा पाया आहेत. त्यातला एक असा की सुरुवात थोडक्याने करायची आणि पोच येईल तसं दर फेरीला दुप्पट करायचं. आज ही सुरुवात साधारण १० पॅकेटांची (माल ज्या लहान तुकड्यांत जातो ते तुकडे), म्हणजे १४ केबीच्या आसपास असते. मग १४, २८, ५६, ११२ असं करत २०० केबी पोचायला चार फेऱ्या लागतात, लाईन १०० ची असो की १००० ची.

मोठ्या फाइली आणि रिपोर्टांना आणखी एक मर्यादा अडवते. पोच न येता किती माल वाटेवर राहू शकतो याला खिडकी म्हणतात, आणि मूळ टीसीपीत ती ६४ केबीच्या पुढे जात नाही. ८० मिलिसेकंदांच्या फेरीला ६४ केबी म्हणजे साधारण साडेसहा एमबीपीएस. १०० ची लाईन घेऊनही तेवढंच. खिडकी मोठी करण्याची सोय १९९२ पासून आहे आणि आजच्या सगळ्या विंडोज-लिनक्समध्ये चालू असते. तरीही एकच मोठी कॉपी ठराविक आकड्याला चिकटून बसत असेल तर वाटेतल्या एखाद्या जुन्या फायरवॉलवर संशय घ्यायला हरकत नाही. पॅकेटं हरवत असतील तर त्याहून वाईट: शंभरात एक हरवलं तरी जुन्या पद्धतीचा टीसीपी ८० मिलिसेकंदांच्या अंतरावर एका जोडणीत दीड-दोन एमबीपीएसच्या पुढे सरकत नाही. इथे लाईनवाल्याशी भांडणं योग्य, फक्त भांडण स्पीडसाठी नको, हरवणाऱ्या पॅकेटांसाठी हवं.

'वॅन ॲक्सिलरेटर' (वॅन म्हणजे लांब पल्ल्याचं नेटवर्क) नावाच्या पेट्याही मिळतात. दोन्ही टोकांना एकेक बसवायची. त्या माल दाबून लहान करतात, एकदा गेलेला पुन्हा पाठवत नाहीत, फाइल शेअरिंगची बडबड जागीच मिटवतात. फाइलींसाठी ठीक. पण जोडणी एनक्रिप्टेड असेल तर पेटीला आतलं दिसत नाही, आणि डेटाबेसचा हेलपाटा ती सहसा वाचवू शकत नाही, कारण आधीचं उत्तर आल्याशिवाय प्रोग्रॅम पुढचा प्रश्न विचारतच नाही.

डेटाची प्रत शाखेत

उरला एक मार्ग: डेटाच जवळ आणायचा. साध्या रूपात हे प्रत्येकाने करावं. करांचे दर, मापं, शाखांची यादी या गोष्टी दिवसभरात बदलत नाहीत. सकाळी एकदा आणून जवळ ठेवा, दर स्क्रीनला विचारू नका.

पुढची पायरी म्हणजे शाखेत डेटाबेसची वाचण्यापुरती प्रत ठेवणं. रिपोर्टवाल्यांना हे वरदान आहे. पण ही प्रत मुळापेक्षा थोडी मागे असते. माणूस नोंद सेव्ह करतो, ती मुख्य सर्व्हरवर जाते, पुढची स्क्रीन जवळच्या प्रतीतून वाचते आणि नोंद दिसत नाही. तो पुन्हा भरतो. दोन नोंदी. म्हणून सेव्ह केल्यानंतर काही वेळ तरी त्या माणसाचं वाचन मुख्य सर्व्हरवरूनच व्हायला हवं. प्रत मागे राहूच नये म्हणून दोन्हीकडे एकदमच लिहायचं ठरवलं तर प्रत्येक कमिटला एक फेरी वाढते, म्हणजे आता मुख्य कार्यालयालाही ८० मिलिसेकंदांची किंमत पडते. आणि दोन्हीकडे स्वतंत्रपणे लिहू द्यायचं तर एकाच ओळीत दोघांनी वेगवेगळं लिहिलं की खरं कुणाचं, हा नियम आधी ठरवावा लागतो. लहान संस्थेला हे बहुतेक वेळा नाकापेक्षा मोती जड होतं.

कोणता उपाय घ्यायचा हे मोजल्याशिवाय ठरवू नये. शाखेतून सर्व्हरला पिंग करा, एका फेरीचा वेळ मिळेल. मग ती संथ स्क्रीन एकदा उघडा आणि तेवढ्या वेळात सर्व्हरवर किती वाक्यं आली ते त्याच्या लॉगमध्ये मोजा. लॉग मिळत नसेल तर वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम) प्रश्न-उत्तरांच्या जोड्या मोजा. दोन आकड्यांचा गुणाकार घड्याळातल्या वेळेच्या जवळपास आला तर रोग हेलपाट्यांचा. गुणाकार दोन सेकंद आणि स्क्रीनला वीस लागत असतील तर गडबड सर्व्हरच्या आतच आहे, बहुधा इंडेक्स नाही, आणि ती स्क्रीन मुख्य कार्यालयातही संथ असणार. तिथे कुणी नीट विचारलं नसेल.

कोड आपल्या हातात असेल तर आणखी एक करता येतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये नेटएम नावाची सोय आहे. एका कमांडने ती नेटवर्कच्या वाटेवर हवा तेवढा खोटा उशीर घालते. डेव्हलपरच्या मशीनवर ८० मिलिसेकंद लावून द्या आणि आठवडाभर तसंच राहू द्या. लूपमधल्या क्वेरी शाखेतून तक्रार यायच्या आधीच त्याला छळू लागतात, आणि दुपारच्या चहाच्या आत पहिला जॉइन लिहून झालेला असतो.